रिडीम करणे म्हणजे सोडवणे, फेडणे, वटवणे की तारणे?

ओसरी | सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, एका शब्दासाठी तुमची मदत हवी आहे. शब्द माझ्या पोटापाण्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पतसंस्था आणि सहकारी बँकांचे अर्ज, करारनामे मराठीत आणण्याचं काम मी करते. गेल्या आठवड्यात एका शाखेत सोनेतारणाच्या काउंटरशेजारी बसून होते. मीच केलेला अर्ज लोक कसा भरतात ते बघायचं होतं. साठीच्या एक बाई आल्या. रुमालाची गाठ सोडून दोन पाटल्या बाहेर काढल्या. एका पाटलीला आतून दोरा गुंडाळलेला, सैल होत असेल म्हणून. सराफाने तो दोरा ब्लेडने कापला, पाटल्या कसोटीवर घासल्या, काट्यावर ठेवल्या, पिशवीत घालून पिशवी सीलबंद केली, वर नंबर टाकला. बाई त्या कापलेल्या दोऱ्याकडे बघत होत्या. तो त्यांनी उचलून पुन्हा रुमालात ठेवला. मग अर्ज हातात घेऊन ओळीखाली बोट धरत वाचला आणि मला विचारलं, "ताई, पाटल्या कधीपर्यंत सोडवायच्या ते यात कुठं लिहिलंय?"

ते लिहिलेलं होतं. त्यांचं बोट त्याच रकान्यावर होतं. रकान्याला नाव मी दिलेलं: 'विमोचन दिनांक'.

त्यांनी प्रश्न विचारताना जो शब्द वापरला, तोच मला लिहिता आला नाही, हे मनातून जात नाही.

मूळ इंग्रजी अर्जात 'रिडम्प्शन' आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सरळ आहे: परत विकत घेणं. पण आता हा एकच शब्द गहाणखतात येतो, म्युच्युअल फंडात येतो, कूपनवर येतो, चर्चमध्ये येतो आणि क्रिकेटच्या बातमीतही येतो. मराठी माणूस प्रत्येक ठिकाणी वेगळं क्रियापद वापरतो. गहाण सोडवतो, कर्ज फेडतो, चेक वटवतो, नवस फेडतो, आईबापाचे पांग फेडतो, पाप धुतो.

तुमच्या घरात, धंद्यात, गावात कोणता शब्द खरोखर तोंडात येतो ते सांगा. शब्दकोशातला नको.

---

खातेवही | सोमवार, रात्री ९.४८

ओसरीताई, तेहतीस वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली नऊ सोनेतारणाच्या टेबलावर. 'विमोचन' हा शब्द एकाही खातेदाराच्या तोंडून ऐकला नाही. लोक म्हणायचे, "साहेब, डाग सोडवायला आलोय." डाग म्हणजे दागिना. डाग गहाण टाकतात, डाग सोडवतात, आणि अगदीच इलाज नसला तर डाग मोडतात. मोडणं म्हणजे विकणं. शेवटचा शब्द बायका नेहमी हळू आवाजात बोलायच्या.

सोडवणुकीचा हंगाम असतो. उसाचं बिल जमा झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी रांग. कांद्याची पट्टी हातात आली की रांग. लग्नसराईच्या आधी तर दिवसाला साठ-सत्तर पिशव्या फोडायचो. आणि पैसे नसले तर लोक 'नवं-जुनं' करायचे, म्हणजे व्याज भरून तेच कर्ज पुन्हा नव्याने उचलायचं. नवं-जुनं हा कागदावर व्यवहार असतो, पण डाग तिजोरीतच राहतो. एका कुटुंबाची बोरमाळ मी सलग सहा वर्षं नवं-जुनं होताना बघितली. सातव्या वर्षी मुलगा नोकरीला लागला आणि पहिल्या पगारात तिघं मिळून ती न्यायला आले. आजीने काउंटरवरच गळ्यात घातली.

आता कामाचं. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारणाचे नवे निर्देश काढले. सगळं कर्ज फिटल्यावर दागिने त्याच दिवशी, उशिरात उशिरा सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचे. संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. अंमलबजावणीची शेवटची तारीख १ एप्रिल २०२६. तुमच्या धाग्याशी जास्त संबंध आहे तो याच निर्देशांतल्या आणखी एका कलमाचा: कर्जदाराशी व्यवहार त्या भागाच्या किंवा त्याने निवडलेल्या भाषेत करायचा, आणि वाचता न येणाऱ्याला अटी समजावताना संस्थेचा नोकर नसलेला साक्षीदार हजर हवा. 'विमोचन' ही त्या भागाची भाषा आहे का, हा प्रश्न तुम्ही संस्थेला जरूर विचारा.

घराच्या कागदपत्रांसाठी वेगळा नियम आहे. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत, नाहीतर तिथेही दिवसाला ५,००० रुपये. १ डिसेंबर २०२३ पासून लागू. बऱ्याच जणांना माहीत नसतं.

---

मुलुंडची_चाळ | सोमवार, रात्री १०.१५

म्युच्युअल फंडात आम्ही सरळ 'रिडीम केले' म्हणतो. घरी बाबा 'पैसे काढले' म्हणतात, काका 'युनिट विकले' म्हणतात. काकांचा शब्द मला चुकीचा वाटतो. शेअर विकला की दुसरा कोणीतरी तो घेतो, शेअर जिवंत राहतो. फंडाचं युनिट रिडीम केलं की ज्याने दिलं तोच ते परत घेतो आणि ते युनिट संपतं. म्हणजे लॅटिनचा 'परत घेणं' हा अर्थ इथे शाबूत आहे, फक्त परत घेणारा फंड आहे.

सरकारी सुवर्ण रोख्यांचंही तसंच. पहिली मालिका नोव्हेंबर २०१५ मध्ये २,६८४ रुपये ग्रॅमने निघाली आणि आठ वर्षांनी, ३० नोव्हेंबर २०२३ ला, ६,१३२ रुपयांनी सरकारने परत घेतली. आईचे होते. बँकेचा मेसेज आला, त्यात 'रोख्यांचे विमोचन'. आईने फोन करून विचारलं, "मुदत संपली का रे?" मला वाटतं 'मुदतपूर्ती' किंवा 'रोख्याची रक्कम परत मिळाली' एवढं पुरेसं आहे.

कूपनला मात्र 'वटवणे'. हुंडी वटायची, चेक वटतो, मग कूपनने काय घोडं मारलंय? आमच्या वाण्याकडे पोस्टर आहे, 'कूपन येथे वटवून मिळेल'. सगळ्यांना कळतं.

---

कऱ्हाकाठ | मंगळवार, सकाळी ७.०५

धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे 'सोडवणे' हा शब्द उच्चारला की घरात सगळे गप्प होतात.

वडिलांनी १९९८ साली बहिणीच्या लग्नासाठी तीन एकर जमीन एकाला 'मुदतखरेदी'ने लिहून दिली. पाच वर्षांत पैसे परत केले की जमीन परत, असा व्यवहार. २००३ ला पैसे जमले नाहीत. पुढे जमले तेव्हा समोरचा म्हणाला, मुदत गेली, आता खरेदी पक्की. वडील २०११ ला गेले. शेवटच्या आजारात आईला एकच सांगत होते, "तेवढं रान सोडवा." आई अजून त्या बांधावरून जात नाही, लांबून वळसा घालते.

ती सोडवता येते का? की हा फक्त बोलायचा शब्द उरला?

---

वकिली_डायरी | मंगळवार, दुपारी १.३०

कऱ्हाकाठ, मी दिवाणी दावे चालवतो. कागद न बघता निकाल सांगणार नाही, पण काय बघायचं ते सांगतो. जरा लांबण लागेल.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याचं कलम ६० म्हणजे गहाण सोडवण्याचा हक्क. एकदा व्यवहार गहाणाचा ठरला की तो गहाणच राहतो. 'मुदतीत पैसे न दिल्यास जमीन कायमची तुमची' असं मालकाने स्वतः सही करून लिहून दिलं असलं, तरी तेवढ्याने सोडवण्याचा हक्क मरत नाही. गरजेपोटी माणूस काहीही लिहून देतो हे कायद्याला ठाऊक आहे, म्हणून त्याचा हक्क त्याच्याच सहीपासून राखला आहे. इतका माणुसकीचा विचार दिवाणी कायद्यात फार थोड्या ठिकाणी सापडतो.

आता गाठ कुठे आहे? 'मुदतखरेदी' या एकाच नावाखाली गावाकडे दोन वेगळे व्यवहार होतात. एक, सशर्त विक्रीचं गहाण, म्हणजे दिसायला विक्री पण मुळात कर्ज. दोन, खरी विक्री आणि सोबत परत विकण्याचा करार. पहिल्यात सोडवण्याचा हक्क आहे आणि त्याला ३० वर्षांची मुदत आहे. दुसऱ्यात ठरलेली मुदत काटेकोर पाळावी लागते आणि ती गेली की संपलं. १९२९ साली कायद्यात दुरुस्ती झाली: परतीची अट विक्रीच्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. त्यामुळे सावकार अट वेगळ्या स्टॅम्पवर लिहून घेऊ लागले. एक कागद की दोन, यावर घरंच्या घरं बसली आहेत. आणि अट त्याच कागदात असली तरी काम आपोआप होत नाही. किंमत बाजारभावापेक्षा किती कमी होती, ताबा कोणाकडे राहिला, सारा कोण भरत होतं, हे सगळं बघून न्यायालय हेतू ठरवतं.

तुमचं गहाण ठरलं तर २००३ अधिक ३०, म्हणजे २०३३. वेळ आहे, पण चालढकल नको.

ज्यांचं ताबेगहाण आहे, म्हणजे जमीन सावकाराच्या ताब्यात आणि उत्पन्न तोच खातो, त्यांच्यासाठी बातमी आणखी चांगली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं की नुसती ३० वर्षं उलटली म्हणून अशा गहाणाचा हक्क बुडत नाही. पैसे फिटेपर्यंत किंवा उत्पन्नातून वळते होईपर्यंत मुदत सुरूच होत नाही. आणि समोरचा बेकायदा सावकारी करणारा असेल तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करण्याचीही वाट आहे.

तुम्ही कऱ्हेकाठचे आहात म्हणून एक आठवण. सुपं हे गाव तुमच्याच बाजूचं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः हवी होती खतं, म्हणजे कर्जरोखे. ती हिसकावून जाळली. आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. न्यायाधीशाने कागदावरच्या आकड्यावर न थांबता मागचा सगळा व्यवहार उकरून बघावा, अशी तरतूद त्यात होती. कागद खोटं बोलू शकतो हे पुणे, सातारा, सोलापूर, नगरच्या शेतकऱ्यांनी सरकारला मान्य करायला लावलं.

दस्त शोधा. सापडला नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढा. आणि सातबाऱ्याचे १९९८ पासूनचे फेरफार.

---

मांडवी_तीर | मंगळवार, दुपारी ३.२०

गोव्यातून लिहितेय. ओसरी, तुमच्या त्या बाईंचा शब्द आमच्याकडे देवाच्या नावात आहे. इथले ख्रिस्ती शेजारी कोकणीत येशूला 'सोडवणदार' म्हणतात. पापातून तारणं म्हणजे 'सोडवण'. लहानपणी शेजारच्या आंटीच्या प्रार्थनेत हा शब्द रोज संध्याकाळी कानावर यायचा. मला तेव्हा वाटायचं की सोडवणदार म्हणजे भांडण सोडवणारा, कारण घरी आई आम्हा भावंडांना 'कोणीतरी सोडवा रे यांना' म्हणायची. आता वाटतं, ते फार चुकीचं नव्हतं. गाठ सोडवतात, गणित सोडवतात, भांडण सोडवतात, गहाण सोडवतात. अडकलेलं मोकळं करायचं, एवढाच सगळ्यांचा गाभा.

---

शुभवर्तमान | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

मांडवी_तीर, छान आठवण. मी अहिल्यानगर जिल्ह्यातली, मराठी ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे शब्द 'तारण' आणि 'तारणारा'. लहानपणी मला हे कोडं होतं की बाजारपेठेतल्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' आणि रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'जगाचा तारणारा', हे दोन्ही एकच कसं? वडील म्हणायचे, तारू, तरणं, तारण, सगळं एका पाण्यातलं. बुडणाऱ्याला पैलतीरी नेतं ते तारू. सावकाराचा पैसा बुडू देत नाही ते तारण.

मराठी बायबलमध्ये याच कल्पनेसाठी 'खंडणी भरून मिळवलेली मुक्ती' असे शब्द आले आहेत. आज खंडणी म्हटलं की गुंड आठवतात, पण त्या शब्दात किंमत मोजल्याची धग आहे. इंग्रजीत खंडणीला असलेला शब्दही लॅटिनच्या त्याच मुळातून फुटलेला आहे. भाषांतर करणाऱ्यांनी तो नेमका धरला.

आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा आणून केडगावला वसवल्या आणि त्या ठिकाणाला नाव दिलं 'मुक्ती'. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल स्वतः मराठीत आणलं. तेव्हाच्या भाषांतरातली संस्कृत वळणाची मराठी साध्या बायकांना कळत नाही, हे त्यांचं दुखणं होतं. छपाईचं काम तिथल्या मुलींनीच केलं. ओसरी, तुम्ही काउंटरशेजारी बसून ज्या गोष्टीने अस्वस्थ झालात, तिच्यासाठी त्या बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं दिली.

---

वऱ्हाडी_कापूस | मंगळवार, रात्री ८.१०

आमच्या अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी गावाचंच नाव ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी जत्रा भरते. गाडगेबाबांनी तिथे लोकांसाठी घाट बांधला. कर्ज काढून सण करू नका, लग्नं करू नका, हे ते जन्मभर सांगत फिरले. ऐकणाऱ्यांत निम्मे कर्जात बुडालेले असायचे आणि बाबा त्यांच्यातलेच होते, म्हणून ते लोकांच्या काळजाला लागायचं.

आमची आजी आजोबांना सोबत घेऊन तिथे बुडी मारून यायची. म्हणायची, "कर्ज फिटत नाही बुडीनं, पण काढायची हिंमत होत नाही पुन्हा."

---

इंद्रायणी_घाट | मंगळवार, रात्री ८.३२

आणि तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, हीसुद्धा सोडवणूकच. फरक एवढाच की सोडवणारा सावकाराच्या बाजूचा होता.

दामाजीपंतांची कथा तर अगदी पावतीसकट आहे. मंगळवेढ्याचं कोठार दुष्काळात लोकांना लुटवलं, बादशहाने पकडायला माणसं पाठवली, आणि विठोबा महाराचं रूप घेऊन बीदरला गेला, रक्कम भरली, रसीद घेतली. आमचे कीर्तनकार बुवा 'रसीद घेतली' या दोन शब्दांवर थांबायचे. देवानेसुद्धा पावती घेतल्याशिवाय माणूस सोडवला नाही.

---

लोदची_आजी | बुधवार, पहाटे ४.५०

नमस्कार. मी इस्राएलमध्ये लोदला राहते. आमचं घराणं अलिबागकडचं, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शनवार तेली म्हणायचे आम्हाला. मी इथे आले तेव्हा सात वर्षांची होते, पण स्वयंपाकघरात अजून मराठीच आहे.

आमच्या धर्मात मूल सोडवायचा विधी आहे. पहिलटकरणीला मुलगा झाला की तो देवाचा. एकतिसाव्या दिवशी बापाने तो पुरोहिताकडून, कोहेनकडून, पाच चांदीची नाणी देऊन सोडवायचा. मागच्या वर्षी माझ्या नातीच्या मुलाचा झाला. बाळाला चांदीच्या तबकात ठेवतात आणि जमलेल्या बायका अंगावरचे दागिने काढून त्याच्याभोवती तबकात मांडतात. मी माझ्या आईची मोहनमाळ ठेवली. कोहेन बापाला विचारतो, तुला काय हवं, हा मुलगा की ही पाच नाणी? बापाला उत्तर माहीत असतं, कोहेनलाही माहीत असतं, तरी विचारायचं. नातजावई हिब्रूत बोलला आणि त्याचा आवाज कापला. घरी येऊन मी फोनवर मुंबईच्या बहिणीला सांगितलं, "पोराला सोडवून आणलं ग." दुसरा शब्द सुचलाच नाही.

तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, जमिनीचंही आहे. भावाला गरिबीने जमीन विकावी लागली तर जवळच्या नातलगाने ती सोडवावी. त्या नातलगाला आम्ही गोएल म्हणतो. देवालाही तेच नाव. रूथच्या गोष्टीत बोअज तिच्या सासूचं शेत सोडवतो, तेही गावाच्या वेशीत, दहा वडीलधाऱ्यांसमोर. कऱ्हाकाठ बाळा, तुझ्या वडिलांचं वाक्य वाचून मला तो वेशीतला प्रसंग आठवला.

---

गिरणाकाठी | बुधवार, सकाळी ८.२०

आजी, नमस्कार. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

आमच्या खानदेशातही मूल सोडवतात, फक्त मृत्यूकडून. आधीची मुलं जगली नसतील तर नवं बाळ सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, किंवा शेजारणीच्या, सुईणीच्या ओटीत टाकायचं. मग आईने पसाभर धान्य किंवा चार पैसे देऊन ते 'विकत' परत आणायचं. म्हणजे हे मूल हिचं नाही, विकतचं आहे, याच्याकडे कोणी बघू नये. नाव पडतं सुपडू, उखर्डू, भिका. माझ्या आजोबांचं नाव सुपडू. गावात त्या नावाला कोणी हसत नसे, कारण त्यामागे गेलेली भावंडं असायची. आजोबांच्या आधीची तीन. ज्या सुपात त्यांना ठेवलं ते पणजीने पाखडायला कधी वापरलं नाही, आढ्याला टांगून ठेवलं होतं.

परत विकत घेणं. ओसरीताई, तुमचा लॅटिन अर्थ जसाच्या तसा.

---

निळी_पहाट | बुधवार, सकाळी ११.००

एका शब्दाबद्दल कोणीच बोललं नाही: उद्धार. बहुतेक शब्दकोशांत रिडम्प्शनपुढे तोच असतो.

रोजच्या मराठीत 'त्याने माझा उद्धार केला' म्हणजे शिव्या घातल्या, सात पिढ्या काढल्या. इतका मोठा शब्द असा का फिरला याचा मी खूप विचार केलाय. मला वाटतं, उद्धार करणारा नेहमी वर उभा असतो आणि ज्याचा करायचा तो खाली. पतितोद्धार, अस्पृश्योद्धार, दीनोद्धार. ज्यांच्यासाठी हे शब्द वापरले गेले त्यांना ते ऐकताना काय वाटत होतं, हे माझ्या पणजोबांच्या पिढीला विचारायला हवं होतं.

बाबासाहेबांच्या मुंबईतल्या मे १९३६ च्या भाषणाचं नाव 'मुक्ती कोन पथे?' आहे. शब्द मुक्ती आहे. शेवटी ते बुद्धाच्या उपदेशाकडे येतात: स्वतःच स्वतःचा दीप व्हा. वरून कोणी हात देण्याची वाट बघायची नाही. माझ्यासाठी 'सोडवणे' आणि 'सुटणे' यांत हा फरक आहे. कर्जाच्या अर्जात 'सोडवणे' बरोबरच आहे, कारण तिथे बाई स्वतःचे पैसे भरून स्वतःच्या पाटल्या सोडवते, तिच्यावर कोणी उपकार करत नाही. पण कृपा करून कुठल्याही अर्जात, योजनेत 'उद्धार' लिहू नका.

---

शुभवर्तमान | बुधवार, दुपारी १२.१५

निळी_पहाट, पटलं. आमच्या मंडळीतही उपदेशकाने 'पतितांचा उद्धार' म्हटलं की मागच्या बाकावरचे म्हातारे मान खाली घालतात, हे मी बघितलंय. 'तारण'ला तसं होत नाही. तारूत सगळेच बसतात.

---

शॉर्टलेग | बुधवार, दुपारी २.४०

क्रिकेटचं थोडक्यात. २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर आपल्याच प्रेक्षकांनी हार्दिक पांड्याची हुर्यो उडवली. २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक त्यानेच टाकलं, आपण सात धावांनी जिंकलो आणि तो मैदानातच रडला. यावर मराठी बातम्यांत 'वचपा काढला' वाचलं. वचपा म्हणजे सूड. त्याने कोणाचा सूड घेतला? 'डाग धुऊन निघाला' म्हणा, 'लोकांचं मन परत जिंकलं' म्हणा. वचपा आणि उट्टं दुसऱ्याकडून काढायचं असतं. हे स्वतःकडून काढून घ्यायचं असतं.

---

ओसरी | बुधवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, गिरणाकाठी, तुमच्या पोस्ट मी आईला वाचून दाखवल्या.

आज संस्थेला नवा मसुदा पाठवला. 'विमोचन दिनांक' काढून 'डाग सोडवण्याची शेवटची तारीख' असं लिहिलंय. खाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ घातली: 'सगळी रक्कम भरल्यावर दागिने त्याच दिवशी, जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळतील.' नवं-जुनं करताना मूळ रक्कम तशीच राहते, हेही वेगळ्या ओळीत.

खातेवहीकाका, एक शंका. 'डाग' सगळ्या महाराष्ट्रात कळेल का?

---

खातेवही | बुधवार, रात्री ९.५२

देशावर कळेल. तरुण मुलींना आणि शहरात कळेलच असं नाही, त्यांना डाग म्हणजे कपड्यावरचा. 'दागिने सोडवण्याची शेवटची तारीख' करा. 'सोडवण्याची' ला हात लावू नका.

---

वऱ्हाडी_कापूस | बुधवार, रात्री १०.०४

आमच्याकडेही दागिनेच. काकांना अनुमोदन.

---

कऱ्हाकाठ | गुरुवार, सकाळी ६.४०

काल रात्री आईच्या ट्रंकेत दस्त सापडला. लुगड्याच्या घडीत होता. परतीची अट त्याच कागदात आहे, तिसऱ्या पानावर, शिक्क्याच्या वर. रक्कम चाळीस हजार लिहिली आहे. तेव्हा आमच्याकडे एकराचाच भाव तेवढा होता, हे तीन एकराचे. आणि १९९८ ते २००३ साऱ्याच्या पावत्या वडिलांच्या नावाच्या, पाचही.

---

वकिली_डायरी | गुरुवार, सकाळी ७.१५

पावत्यांना छिद्र पाडू नका, स्टेपल मारू नका. सगळ्याचे फोटो काढून ठेवा आणि मूळ दस्त कोणाच्याही हातात देऊ नका, माझ्याही नाही. व्यक्तिगत निरोपात फोन नंबर पाठवतोय. येताना आईंना सोबत आणा. पैसे परत न्यायला वडील कोणत्या साली गेले होते आणि तेव्हा कोण हजर होतं, हे त्यांनाच सांगता येईल.